बाबांचा खुंट

घोडी बांधायचा बाबांचा खुंट द्युलुस्ताननं सकाळी करवतीनं कापला. लार्चचं लाकूड ते. याकुतियाच्या बर्फात चाळीस वर्षं उभं राहूनही कुजलं नव्हतं. त्याला गोठ्यासाठी खांब हवाच होता.

"गेलेल्या माणसाचा खुंट आपोआप पडू द्यायचा असतो रे!" आई कळवळली.

"बाबा काय आता घोडी बांधायला येणारेत?" तो हसला.

संध्याकाळी घोडी अंगणात त्याच जागी उभी दिसली. लगाम ताणलेला, आणि त्याचं टोक हवेतच गुंडाळलेलं, बाबा मारायचे तशा गाठीनं.

"आई, हिला कुणी बांधलं?"

आई दारातच थिजली होती.

त्याच्या टोपीवर काहीतरी भुरभुरलं. लार्चची सुईसारखी पिवळी पानं. थंडीच्या तोंडावर जंगलातले लार्च झडतातच; पण अंगणात एकही झाड नव्हतं.

गाठ सोडायला त्यानं हात पुढे केला. रिकाम्या हवेत तळव्याला लाकूड लागलं. खरखरीत, सालीसकट. बाबांनी तर खुंट रोवतानाच साल सोलून काढली होती.

तळव्याखाली कोमट डिंक पाझरला. तेवढ्यात गाठ आपोआप सुटली आणि घोडी निवांत चालू लागली.

द्युलुस्ताननं हात मागे ओढला.

हात सुटेना.