तीन प्रती

"हार्ड डिस्कचा भरवसा नाही," असं फोटोग्राफर मगदूम प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. म्हणून प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती, तीन डिस्कवर, तीन ठिकाणी: स्टुडिओत, घरी आणि सासुरवाडीला. पण दसऱ्याला हत्यारांची पूजा, आणि बायको म्हणाली, "तिसरीनं काय पाप केलंय?" तेव्हा तो सकाळीच एसटीने जाऊन तिसरी घेऊन आला.

तिघींना पाटावर मांडून, झेंडूचे हार घालून त्याने मोबाइलवर फोटो काढला. मग आरती ओवाळताना कोपर लागलं आणि पाण्याचा तांब्या तिघींवर कलंडला. घाबरून त्याने त्या ओल्याच, एकामागून एक, कॉम्प्युटरला जोडून पाहिल्या. पहिलीतून धूर आला. दुसरीतूनही. तिसरी मुळात का जोडली, हे बायकोने अजून विचारलेलं नाही.

हाती उरलेला तो एकच फोटो त्याने मोठा करून स्टुडिओच्या भिंतीवर लावला.

दिवाळीनंतर आवटी सर आले. हार घातलेला फोटो बघून त्यांनी सवयीने चपला काढल्या, हात जोडले. मग चष्मा लावून जवळ गेले.

"हे काय?"

"हार्ड डिस्क. दसऱ्याला गेल्या."

"तिन्ही?"

"एकाच पाटावर."

"अरेरे," सर म्हणाले. "बरं, आमची आई गेली परवा. लेकीच्या लग्नात तू तिचा हसरा फोटो काढला होतास ना, तोच मोठा करून दे. हार घालायचाय."

मगदूमने खुर्ची पुढे सरकवली.

"सर, आधी बसा."