पिवळा दिवा

पिवळा दिवा पुन्हा लागला आणि टेक्निशियनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा दिवा म्हणजे वायरीच्या दुसऱ्या टोकाला, पलीकडच्या स्टेशनवर असलेल्या मशीनची तक्रार: तुमचं काही ऐकू येत नाही. ऐकू आलं की तो आपोआप विझतो. सकाळपासून टेक्निशियनने आपल्या मशीनचं सर्किट कार्ड बदललं, घड्याळ जुळवलं, वायरी पुसल्या. दिवा काही विझायचं नाव घेईना.

शेवटी त्याने पलीकडच्या स्टेशनवरच्या जोडीदाराला फोन लावला. “झोपा काढतोयस का रे? तुझ्या मशीनला ऐकू येत नाहीये!”

“कुठलं मशीन, दादा? ते कालच उतरवून भंगारात दिलं. खोली रिकामी आहे.”

“वा! मग इथे माझ्या डोक्याशी कटकट कोण करतंय?”

“तुमच्याकडची वायर काढून टाका ना. दिवा जाईल.”

त्याने फोन आपटला आणि हिसडा मारून वायर उपटली. वायर त्याच्या हातात लोंबत राहिली. दिवा तसाच पिवळा.

“घरी आई बहिरी, इथे तू बहिरा!” तो दिव्यावर खेकसला. “अजून किती बोंबलू? येतंय का आता ऐकू?”

दिवा विझला.