मिठाचा अंदाज

“दाजी, त्या हातांनी ताईला सफरचंद चिरून देऊ नका,” मेहुणी म्हणाली.

खाटकाने सुरी खाली ठेवली. सकाळपासून त्याने इतक्यांदा हात धुतले होते की बोटांची सालं निघायचीच बाकी होती. रात्र वॉर्डातल्या खुर्चीवर, सकाळ दुकानात, दुपारी पुन्हा तीच खुर्ची. भांडायला बळ कुठून आणणार?

खाटेवर बायको डोळे मिटून पडली होती. दुकानातच तिला फिट आली होती. मेंदूचा फोटो काढला तर आत जागोजागी ठिपके.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. डुकराचं कच्चं मांस पोटात गेलं की जंत आतड्यात वाढतो. डोक्यात हे असले ठिपके होतात ते मात्र त्या जंताच्या अंड्यांमुळे. आणि अंडी मांसातून येत नाहीत. ज्याच्या पोटात जंत आहे, त्याच्या नीट न धुतलेल्या हातांतून ती ताटात येतात.

“म्हणजे हा उपद्व्याप बहुधा घरातल्याच कोणाचा तरी,” असं म्हणून बाईंनी तिघांनाही तपासणीच्या डब्या दिल्या होत्या.

“मला कशाला?” मेहुणी उसळली होती. ती पलीकडच्या गल्लीत राहायची, पण अर्धा दिवस बहिणीच्याच स्वयंपाकघरात असायची. “मी डुकराचं मांस चिमट्यानेसुद्धा उचलत नाही.”

“तुमच्या ताई तरी कुठे खातात? आहेतच ना खाटेवर?” बाई म्हणाल्या होत्या.

मग मेहुणीने डबी पर्समध्ये टाकली आणि दाजींकडे असं पाहिलं की निकाल तिथेच लागला.

तो खाटकालाही पटला होता. डुकराचं मांस खाणारा घरात तो एकटा. रात्रीचा स्वयंपाक त्याच्याकडे. बायको दमलेली दिसली की घासही भरवायचा. या वयात बायकोला भरवतो म्हणून गल्लीत त्याची यथेच्छ थट्टा व्हायची.

“तपासणीचं कळलं की ताई माझ्याकडे येणार, ती कायमची,” मेहुणी म्हणाली. “तुमच्या हातचं पाणीसुद्धा नको.”

“ने,” खाटीक म्हणाला. एवढंच.

“आणि दुकानाकडे बघा जरा. आज पुन्हा सॉसेज परत आलं. एक म्हणे खारट, दुसरा म्हणे अळणी. चित्त कुठे असतं तुमचं?”

“इथे.”

बायकोने कूस बदलली.

एरवी असं कधी होत नसे. त्याच्या सॉसेजचं नाव मिठावर होतं आणि गिऱ्हाइकं त्याला ‘तराजू’ म्हणत. आता या तराजूचं एक गुपित होतं. मागे त्याला सणकून ताप आला होता. ताप गेला तो जाताना जिभेची चव घेऊन गेला. तेव्हापासून साखर काय नि माती काय, त्याला सारखीच. चव नसलेला खाटीक म्हणजे पोहता न येणारा नावाडी, म्हणून त्याने हे बायकोपासूनही लपवलं. डुकराच्या खिम्याचा गोळा तव्यावर खरपूस भाजायचा, चाखल्याचं सोंग करायचा, मान डोलवायचा. मीठ सगळं अंदाजाने. तरी कधी तक्रार आली नाही. हात बसलाय आपला, असं म्हणून तो स्वतःवरच खूश व्हायचा.

सकाळी तो मागचं अंगण धुवायला गेला की बायको चहा घेऊन दुकानात यायची. कालवलेल्या खिम्यावर ओलं फडकं घालायची आणि नळाखाली खळखळून चुळा भरायची. वासानेच मळमळतं, म्हणायची. इतका तिटकारा, तरी रोज न चुकता यायची. चहाचा कप हातात घेताना खाटकाला भरून यायचं.

डॉक्टरीणबाई आल्या. खाटीक उठून उभा राहिला. शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा.

“बसा. तुमच्या पोटात काही नाही.”

“नीट बघितलंत ना?” मेहुणीने विचारलं.

“बघितलं. तुमच्याही नाही. जंत ताईंच्याच पोटात आहे. स्वतःच्याच हातांतून अंडी स्वतःच्या तोंडात गेली. उपचार आहेत, घाबरू नका. पण कच्चं मांस खाणं बंद.”

“ताई? आणि कच्चं मांस?” मेहुणीला हसूच फुटलं. “अहो, नुसत्या वासाने चुळा भरते ती!”

खाटीक हसला नाही. तो बायकोकडे बघत राहिला. बायको भिंतीकडे.

“थुंकून टाकायचे हो मी,” ती म्हणाली. “पण मीठ कळायला जरा वेळ तोंडात धरावं लागतं, आणि आपल्या घरात चालणारी जीभ एकच उरली होती.”