कापसातली डाळ

तुरीच्या डाळीला उकळी येताच मी पातेलं चुलीवरून उतरवलं आणि झाकण लावून डागी कापूस भरलेल्या टोपलीत घट्ट बसवलं. “दाळ का तान्हं लेकरू हाये, गुंडाळून निजवाले?” जमलेल्या बायकांतली कांताबाई हसली. सरपण वाचवायचा हा प्रयोग ग्रामसेविका म्हणून मी आधीही केला होता. तेव्हा बायकांनी सारखं झाकण उघडून पाहिलं, आतली ऊब निघून गेली आणि डाळ कच्ची राहिली. आज त्यांच्यातल्याच खैरुनबीनं घरातली शेवटची डाळ दिली होती. ती दिवसभर टोपलीला पाठ लावून बसली. “कोनं हात लावला तं पाहा!” संध्याकाळी तिनंच झाकण काढलं. डाळ बोटांत अलगद चिरडली गेली. बायका पाहायला वाकल्या. खैरुनबी आतला कापूस चाचपत राहिली. “बाई, उन्हाळ्यात विहिरीचं थंड पानी यात ठेवलं तं थंडच राहीन काय?” उत्तर माहीत असूनही मी म्हणाले, “तुम्हीच करून पाहा आणि मला सांगा.”