मोरीच्या पोटाचं पान

“हे सहावं पान तेवढं काढून टाका, बाई. बाकी पुस्तक छान झालंय,” मुख्याध्यापक कृष्णनाथ सर म्हणाले.

पुस्तक धारगळच्या चौथीच्या मुलांनी केलं होतं. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी, दाभणाने शिवलेल्या. सुलोचनाबाईंनी पणजीच्या वाचनालयातून शार्कचं चित्रमय पुस्तक आणलं, ते बघून पोरं म्हणाली, ही तर आमची मोरी. मग कुणी ऐकेचना. एका पानावर दातांच्या रांगा, दुसऱ्यावर पाच कल्ले. मोरीच्या अंगात हाड नाही, सगळी कूर्चा, आपल्या कानात असते तशी, हे लिहिताना प्रत्येकाने आपला कान चिमटून बघितला होता. उद्या हे पुस्तक पेडण्याला विज्ञान प्रदर्शनात जायचं होतं.

सहाव्या पानावर मोरीचं पोट उघडं होतं. आत चार पिल्लं आणि प्रत्येकाला नाळ. खाली नाव, चंद्रावती.

“त्यात वाईट काय आहे, सर?” बाईंनी विचारलं.

वाईट काय ते सरांना सांगवत नव्हतं. मुलीने बाळंतपणाचं चित्र काढलं, ते चार शाळांचे लोक बघणार, पालक बघणार. पण लाज वाटते असं म्हणण्यापेक्षा चूक आहे म्हणणं सोपं.

“चूक आहे ते. पाठ्यपुस्तकात स्पष्ट दिलंय, मासे अंडी घालतात.”

“वाचनालयाच्या पुस्तकात आहे, काही शार्क पिल्लंच देतात.”

“काही ना? मग आपली मोरी त्यातलीच कशावरून?”

ते पुस्तक लांबच्या समुद्रांतल्या शार्कांचं होतं.

“मी बघलंय,” दाराशी उभी असलेली चंद्रावती म्हणाली.

“कुठे बघितलंस?”

“आमच्या पडवेत. आई मोरी कापता तेव्हा.”

“नुसतं बघून विज्ञान होत नाही,” सर म्हणाले. एकवीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे वाक्य खरंच उच्चारलं. मग त्यांनी टेबलावरची कात्री उचलली आणि शिवणीचा दोरा शोधू लागले.

चंद्रावती आत आली आणि तिने पानावर तळहात ठेवला.

“काढूचां नाय.”

माशांचा वास येतो म्हणून चौथीत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. या पानासाठी मात्र आठ दिवस अख्खा वर्ग तिला चिकटून होता. नाळ कशी असते, पिल्लं किती असतात, सगळे तिलाच विचारत होते. हे पान गेलं की ती पुन्हा एकटी. ती हात काढणार नव्हती.

“आईला बोलव तुझ्या,” सर म्हणाले.

आई लांब नव्हती. शांता रोज शाळेसमोरच, हमरस्त्याच्या कडेला मासे घेऊन बसायची. पाटी फाटकाबाहेर ठेवून, हात पदराला पुसत ती आली.

“काय केल्यान हिणां?”

सरांनी पान दाखवलं. आता आईच हिला दोन लगावील, अशी त्यांची अटकळ होती. शांताला वाचता येत नव्हतं. हात पाठीमागे धरून ती वाकली आणि चित्र खूप वेळ बघत राहिली.

“ह्यां तू काडलंस?”

“होय.”

“शांता, तूच सांग तिला,” सर म्हणाले. “मोरीची अंडी...”

“आमच्या मोरयेक अंडी खंयची, मास्तरांनू?” शांता सरळ उभी राहिली. “बाळंतिणीच्या घराक जावची मोरी आसली की मी आदी पोट उघडून बघतंय. आत पिल्लां आसली तर ती मोरी बाळंतिणीक देनंय नाय. तुमच्या सुनेक म्हयनोभर दिलंय, ती सगळी बघानच दिलंय.”

अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणीला मोरी घालतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. सरांच्या घरी ती महिनाभर शिजली होती. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं, नाहीतर त्यांना हसू आवरलं नसतं.

“असेल,” सर म्हणाले. “तरी हे चित्र काही बरोबर नाही.”

“ता खरां,” शांता म्हणाली. “चूक आसा.”

चंद्रावतीचा चेहरा पडला. सरांनी कात्री पुन्हा दोऱ्याला लावली.

“थांबा.” शांताने पाठीमागचा हात पुढे आणला आणि एका पिल्लावर बोट ठेवलं. “नाळ हय पोटाक नसता गो. हय आसता, गळ्याखाली, दोन पाखांच्या मदीं. तू मावशेच्या बाळाची बघलंस आणि तशीच काडलंस. मोरी ती. माणूस न्हय.”

बाईंनी आपली पेन्सिल आणि खोडरबर पुढे केलं. चंद्रावती खाली बसली. एकेक नाळ पुसायची, आईच्या तोंडाकडे बघायचं आणि नवी काढायची. बाहेर गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली, शांता हलली नाही. सर कात्री घेऊन उभेच होते आणि त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

चौथी नाळ झाली. शांताने चारही पिल्लं नीट तपासली, मोरी विकण्याआधी तपासायची तशीच. मग पुस्तक उचलून तिने स्वतः सरांच्या पुढ्यात ठेवलं.

“आता फाडूचां आसात तर फाडा, मास्तरांनू,” ती म्हणाली. “पण चुकीचां म्हणान फाडू नकात.”