बादलची सुट्टी

चेंडू बादलच्या स्टिकवरून टुणकन उडून मागे गेला, सुकलालने तो गाठून गोलात ढकलला आणि सगळं मैदान हसलं.

हसणं प्रेमाचं होतं. शिरपूरच्या बाहेर, कापसाच्या जिनिंगमागच्या या मुरमाड मैदानावर दर रविवारी हॉकी चालायची. हमाल, शिपाई, ट्रॅक्टरवाले, जो मोकळा असेल तो स्टिक घेऊन यायचा. बादल पावरा त्यांच्यातलाच. आठवडाभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा आणि रविवारी बचावाला उभा राहायचा. लोकांचं खेळणं तिशीला संपतं, याचं खरं तिशीनंतर सुरू झालं. धुळ्याच्या एका सामन्यात कोणा जाणत्याने त्याला हेरलं आणि एकतिसाव्या वर्षी थेट टीव्हीवर दिसणाऱ्या, पगार देणाऱ्या संघात नेलं. त्या बादलला आज हार घातला होता. हा सामनाही त्याच्यासाठीच ठेवला होता.

"बघा मंडळी, याला म्हणतात मोठं मन," माइकवरून कौतिकनाना सांगत होते. शाळेतून निवृत्त झाले तरी माइक काही त्यांच्याच्याने सुटला नव्हता. "एवढा मोठा खेळाडू, पण आपल्या पोरांना कसा जिंकू देतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या घोळक्यात त्याची बायको सरिता तोंडाला पदर लावून हसत होती. तिलाही नवऱ्याचं नाटक आवडलेलं दिसत होतं.

बादलने कपाळावरचा घाम पुसला. तो नाटक करत नव्हता. जीव तोडून खेळत होता.

सुट्टीवर आलोय, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, सरितालाही. सुट्टी कसली न काय! संघाने त्याला घरी पाठवलं होतं आणि परत बोलावणार नव्हता. तिथलं मैदान हिरव्या टर्फचं, पाणी मारून गुळगुळीत केलेलं. चेंडू जमिनीला चिकटून सुळकन यायचा. इकडे मुरमावर तो खड्याला लागून कधी उडेल त्याचा नेम नाही, म्हणून बादलचे हात वर्षानुवर्षं स्टिक बोटभर वर धरूनच वाट बघायला शिकले होते. त्या हातांच्या जोरावर तो इथला राजा होता. तिथे त्याच स्टिकखालून चेंडू निसटत राहिला. मग त्याच्याहून वयाने लहान असलेल्या प्रशिक्षकाने रोज पहाटेपासून त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली. स्टिक खाली, जमिनीला टेकलेली. शाळेतलं पोर पाढे घोकतं तसं बादलने ते घोकलं. हातांनी अखेर ऐकलं, पण तोवर त्याच्या जागी विशीतला एक पोरगा उभा राहिला होता.

परतीच्या बसमध्ये त्याने मनाची समजूत घातली होती. गेलं ते गेलं. रविवारचं मैदान तर आपलं आहे, ते कोण काढून घेतंय?

आणि आता इथे उभा राहून तो आपल्याच हातांना विनवत होता. उचला, बोटभर तरी उचला. चेंडू आला की हात आपसूक खाली जात, स्टिक जमिनीला टेके आणि चेंडू खड्यावरून टप्पा घेऊन वरून निघून जाई. एकदा त्याने हट्टाने स्टिक वर धरून ठेवली, तर नेमका तोच चेंडू सरळ येऊन खालून गेला. तेव्हा तर लोक पोट धरधरून हसले. कोणीतरी शिट्टी मारली. मैदान सोडून सरळ सातपुड्याच्या दिशेने चालत सुटावं, असं त्याला वाटलं. या वयात हातांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं कसं आणि कुणी, ते त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात सुकलाल पुन्हा आला. जिनिंगमध्ये त्याच्याच जोडीने गाठी उचलणारा, रविवारी मात्र कायम समोरच्या बाजूने खेळणारा. आजच्या आधी इतक्या वर्षांत सुकलाल एकदाही बादलला चकवून पुढे गेला नव्हता. चहाच्या टपरीवर हे तो स्वतःच सगळ्यांना अभिमानाने सांगायचा. बादल टीव्हीवर दिसायला लागल्यापासून तर जरा जास्तच.

बादल गुडघ्यात वाकला. त्याने दात आवळले. चेंडू खड्याला लागला, उडाला आणि मागे गेला. सुकलाल त्याच्या बाजूने आरामात निघून गेला आणि गोल करून आला.

माइकवरून नाना वाहवा करत होते. सुकलालने हात वर केले नाहीत. चेंडू उचलून तो चालतच बादलपाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पोरेसले जितू दिधं, ते ठीक शे," तो कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला. "मनासंगे तरी खरं खेय ना, भो."

बादलने त्याच्याकडे पाहिलं. सुकलालशी तरी त्याने खरं खेळावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"हा," तो म्हणाला. "आते खेयस."

सुकलालचा चेहरा उजळला. तळहातांवर थुंकून त्याने स्टिक घट्ट आवळली आणि पळत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.