दुधाचा नमुना

"नमुना मी पिंपाच्या तोटीतून घेतला," अन्न निरीक्षकांनी शपथेवर सांगितले आणि वकीलबाई उलटतपासासाठी सावकाश उभ्या राहिल्या. अठरा वर्षे दुग्धशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करून त्यांनी पन्नाशीत काळा कोट अंगावर चढवला होता. हा त्यांचा पहिलाच फौजदारी खटला होता. दुधात स्निग्धांश कमी भरला म्हणून त्यांच्या अशील, दूधविक्रेत्या राधक्कांना तुरुंगवास होऊ शकत होता.

"उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारू नका हं," शेजारचे ज्येष्ठ वकील कुजबुजले. "ही तुमची प्रयोगशाळा नव्हे."

परंतु बाईंना खरोखरच जाणून घ्यायचे होते. "साहेब, पिंप तीन तास एका जागी उभे होते. मलई वर तरंगते आणि तोटी तर तळाशी असते. नमुना घेण्यापूर्वी दूध ढवळलेत का?"

निरीक्षक सचोटीचे गृहस्थ होते. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिले. "नाही, बाई. बावीस वर्षांत हे मला कोणी विचारलेच नाही."

राधक्कांनी हात जोडले. न्यायाधीशांनी मात्र टंकलेखकाला खुणेने थांबवले आणि साक्षीदाराकडे वळून हळूच विचारले, "मग बावीस वर्षांत असे नमुने किती घेतलेत?"